झडती

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तात्यांनी
एकतीस वर्षं करकरीत नोटा तपासल्या.
संध्याकाळी भोंगा झाला की फाटकाशी रांग,
हात वर, खिसे उलटे,
डब्यातल्या पोळीची घडीसुद्धा उघडून दाखवायची.
कागदाचा कपटा बाहेर येत नसे.

मग घरी येऊन ते कागद कापत.

नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये, मोरीच्या उंबऱ्याशी,
आईची ब्लाउज बेतायची कात्री घेऊन
उकिडवे बसायचे.
बातमी नको, फोटो नको,
एखादंच वाक्य. कधी अर्धंच.
‘विहिरीला पाणी लागलं तेव्हा सगळे गप्प झाले.’
‘गुरं ओळखतात, माणसं ओळख दाखवतात.’
‘…आणि त्यानंतर त्याने टोपी घातलीच नाही.’
लिहिणाऱ्याचं नाव कापलेलं, तारीख कापलेली,
ते सगळं केराच्या सुपलीत.

आई म्हणायची, एवढं आवडतं तर पाठ करा की,
चिकटवता कशाला?
खळ बोटाने सारवत तात्या म्हणाले,
‘पाठ करायचं नाही म्हणून तर चिकटवतो.
आता विसरलं तरी चालतं.’

जानेवारीत दिंडोरीला मामाच्या बागेत
घडांना ऊन लागू नये म्हणून रद्दी गुंडाळायचे.
दीड एकर वर्तमानपत्र मांडवाखाली लटकलेलं!
तात्या मान वर करून वाचत निघाले,
एक ओळ वेलीची, एक ओळ छापलेली,
आणि कात्री खिशात होतीच.
तोडणीच्या दिवशी सात घड निघाले,
प्रत्येकाच्या कागदाला नीट चौकोनी खिडकी
आणि खिडकीएवढेच मणी गुलाबी पडलेले.
व्यापाऱ्याने ते बाजूला टाकले.
मामा वर्षभर आमच्याकडे फिरकला नाही.
घड आम्हीच खाल्ले. गोड होते.

आता झडती मी घेते.
प्रेस सोसायटीच्या नऊ डायऱ्या.
खळ वाळली, थोडी झुरळांनी खाल्ली,
पान उलटलं की कात्रणं मांडीवर गळतात
आणि पडतात ती बहुतेक पालथी.
मग मी मागची बाजू वाचत बसते,
जी कुणी निवडली नव्हती:
लासलगाव, उन्हाळ कांदा, क्विंटलला ऐंशी ते
…गा हरवला आहे, अंगात निळा शर्ट, बोलताना
दशक्रिया विधी, रामकुंड, सकाळी आठ,
कुणाचा, ते कात्रीत गेलं.

एक कात्रण मात्र
कसं धरायचं तेच कळत नाही.
एका बाजूला
‘नदी उतरली की पायऱ्या मोजाव्यात.’
दुसऱ्या बाजूला मॅट्रिकचा निकाल,
मुंगीएवढे आकडे,
६१७३, ६१७४, ६१७७.
पंचाहत्तर मी.
शहात्तर कुंदा धात्रक, माझ्या मागच्या बाकावरची.
तिचं त्याच दिवाळीत लग्न लावलं.

त्या दिवशी तात्या आईला म्हणाले होते,
आज पेपर आलाच नाही.
मला तर काहीच म्हणाले नाहीत,
फक्त सायकल काढली आणि मला
दारणेच्या पुलापर्यंत डबलसीट नेऊन आणलं.
ऑक्टोबरला मी सुटले,
पुढे बँकेत लागले,
ती गोष्ट घरात कुणी काढली नाही.

आणि हा कपटा इथे.
कात्री कोणत्या बाजूने चालली होती?
नदीसाठी, की माझ्या त्या दोन आकड्यांमधल्या
कोऱ्या जागेसाठी?
उजेडात धरून पाहिलं.
खळीचे डाग दोन्ही बाजूंना आहेत.
म्हणजे कधीतरी त्यांनी ते सोडवलं,
उलटं केलं,
पुन्हा चिकटवलं.
आधी काय वर होतं, कोण सांगणार.

मैद्याची खळ शिजवून घेतली आहे.
वाटी शेजारी, डायरी उघडी,
कात्रण तळहातावर.
खळीवर साय धरायला लागली आहे.